आपल्या विमानाचा स्वभाव जाणण्याचे कर्तव्य

स्वतःच्या हातांनी विमान बांधून त्यातून आकाशात जाण्याची आकांक्षा ज्यांच्या मनात एकदा रुजली, त्यांची साधना पाहून कोणाच्याही मनात आदर उत्पन्न व्हावा, अशीच ती असते. वर्षानुवर्षे सुट्टीचे दिवस आणि कचेरीतून परतल्यानंतरच्या रात्री खर्ची घालून, लाकडाच्या पट्ट्या, ॲल्युमिनियमचे पत्रे, फायबरग्लासचे थर आणि हजारो रिव्हेट यांच्या साहाय्याने एखादा शिक्षक, एखादा यंत्रज्ञ वा एखादा डॉक्टर घराशेजारच्या शेडमध्ये एक लहानसे विमान उभे करतो. सरकारी तपासनीस येऊन त्याची पाहणी करतो, दाखला देतो, आणि एके दिवशी ते विमान धावपट्टी सोडून वर जाते. बहुतेकांच्या लेखी या उद्योगाची समाप्ती येथे होते. माझे म्हणणे असे आहे की, विमान बांधणाऱ्याच्या खऱ्या अभ्यासाचा आरंभ येथून होतो. आणि त्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा, सर्वांत अधिक टाळला जाणारा आणि टाळला असता सर्वांत महाग पडणारा धडा म्हणजे, आपले विमान स्टॉल कसे होते हे पुरेशा उंचीवर, पद्धतशीरपणे आणि स्वतः पाहून घेणे.

सर्वसामान्य वाचकाची अशी समजूत असते की, एंजिन बंद पडले म्हणजे विमान कोसळते. वस्तुस्थिती तशी नाही. एंजिन बंद पडलेले विमान, वैमानिकाने त्याचे नाक वेळीच खाली घेतले तर, ग्लायडरप्रमाणे हवेत घसरत जाऊन एखाद्या मोकळ्या जागी उतरू शकते. उलटपक्षी एंजिन पूर्ण जोराने चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते, कारण स्टॉल हा एंजिनाचा विकार नसून पंखाचा आहे. समोरून येणारी हवा पंखाच्या वरच्या पृष्ठाला बिलगून वाहते आणि पंखाच्या आकारामुळे व कलामुळे खाली वळविली जाते, तेव्हा पंखाला उचल मिळते. पंख आणि समोरून येणारा वारा यांच्यामधील कोनाला वैमानिक ‘अँगल ऑफ ॲटॅक’ म्हणतात. हा कोन वाढत जातो तसतशी उचलही वाढते. परंतु या वाढीला मर्यादा आहे. लहान विमानांच्या नेहमीच्या पंखांच्या बाबतीत ती साधारणतः १५ ते १८ अंशांच्या आसपास गाठली जाते. ओढ्याचे पाणी खडकाच्या हलक्या उतारावरून अंगासरशी वाहते, पण उतार एकाएकी तुटला की खडकाला सोडून भोवरे करीत खाली पडते, त्याप्रमाणे या मर्यादेपलीकडे हवा पंखाची पाठ धरून राहू शकत नाही. ती सुटते, विस्कळीत होते, उचल घसरते, रोध वाढतो आणि विमान खाली येऊ लागते. यालाच विमान स्टॉल होणे किंवा पंख थबकणे म्हणतात.

यावरून हे ध्यानात येईल की, विमान अमुक एका वेगाला स्टॉल होते असे म्हणणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. वेगदर्शकाच्या तबकडीवर रंगीत पट्ट्याच्या आरंभी स्टॉलचा म्हणून जो आकडा दाखविलेला असतो, तो ठराविक वजनाच्या, सरळ व संथपणे उडणाऱ्या विमानापुरताच खरा असतो. उंची न सोडता घेतलेल्या ६० अंश कलाच्या वळणात पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार तोलावा लागतो, आणि जे विमान सरळ उड्डाणात ५० नॉटला स्टॉल होते, तेच या वळणात सुमारे ७१ नॉटला स्टॉल होते. ४५ अंशांच्या वळणात हाच आकडा साठाच्या घरात जातो. वजन १० टक्क्यांनी वाढले की हा वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. वेगाने खाली येणाऱ्या विमानाचा दांडा वैमानिकाने घाबरून एकदम मागे ओढला, तर वेगदर्शकावर कितीही मोठा आकडा असला तरी पंख स्टॉल होऊ शकतो. वोल्फगांग लांगेविशे यांनी १९४४ साली ‘स्टिक अँड रडर’ या ग्रंथात या कोनालाच सर्व विमानविद्येच्या मध्यभागी बसविले, त्याचे कारण हेच. आणि त्या ग्रंथाला आज आठ दशके उलटून गेली तरी वेगाचा आकडा पाठ करून निश्चिंत राहणारे वैमानिक सर्व देशांत आढळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

हे ज्ञान मनुष्यजातीला फुकट मिळालेले नाही. ९ ऑगस्ट १८९६ रोजी जर्मनीतील श्टोलन गावाजवळच्या टेकडीवरून ग्लायडरने झेप घेतलेले ओट्टो लिलिएन्थाल यांचे यंत्र हवेतच थबकले आणि सुमारे १५ मीटर उंचीवरून ते खाली आदळले. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्यांचा अंत झाला. अमेरिकेत डेटन येथे सायकलींचे दुकान चालविणाऱ्या राइट बंधूंच्या मनावर या वार्तेचा खोल परिणाम झाला. नाक वर-खाली करणारे पृष्ठ त्यांनी पंखाच्या पुढे बसविले, त्यामागे लिलिएन्थाल यांच्यावर ओढवलेला प्रसंग टळावा हाही एक विचार होता. आणि या योजनेमुळे त्यांची ग्लायडरे थबकल्यावरही नाकावर न कोसळता बहुधा आडवीच खाली बसत. १९०१ च्या अखेरीस लाकडी पेटीचा वातबोगदा करून त्यांनी सुमारे दोनशे पंखाकृतींची परीक्षा केली. पुढल्या वर्षीच्या ग्लायडरचा एक पंख वळणात एकाएकी खाली जाऊन वाळूत रुते, त्याचे कारण शोधून त्यांनी मागे हलते सुकाणू बसविले. आणि एवढी तयारी झाल्यावरच १७ डिसेंबर १९०३ चा, एंजिनाच्या विमानातून उडण्याचा दिवस त्यांना लाभला. स्वहस्ते विमान बांधणाऱ्या प्रत्येकाचे हे दोघे बंधू पूर्वज आहेत. त्यांच्यापाशी पदवी नव्हती आणि सरकारी द्रव्यही नव्हते. परंतु आपले यंत्र कोठे दगा देते हे समजून घेतल्याखेरीज पुढचे पाऊल टाकावयाचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

या शिरस्त्याला सोडून जाण्याचा मोह किती स्वाभाविक असतो आणि त्याची किंमत किती मोठी असते, हे फ्रान्समधील आंरी मिन्ये यांच्या इतिहासावरून कळते. चारचौघांसारखे विमान आपल्याला चालविता येत नाही असे अनुभवास आल्यावर या कल्पक गृहस्थांनी, स्टॉल व गिरकी (स्टॉल होऊन विमानाने स्वतःभोवती फिरत खाली येणे) यांच्यापासून मुक्त असे एक चिमुकले विमान आखण्याचा संकल्प सोडला, आणि १९३३ साली ते उडवूनही दाखविले. ‘पू-द्यू-सिएल’, म्हणजे इंग्रजांनी पुढे ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणून ज्याला डोक्यावर घेतले ते हे विमान. त्याला एकामागे एक असे दोन पंख होते; पुढचा पंख सबंध बिजागरीवर हलविता येई, एलेरॉन, म्हणजे विमानाला कल देणारे पंखाच्या मागच्या कडेवरील हलते भाग, नव्हते आणि पायांनी दाबावयाचे सुकाणूही नव्हते. १९३४ साली मिन्ये यांनी बांधणीची सर्व रीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, १९३५ च्या ऑगस्टात ते स्वतः आपल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेले, आणि दोन्ही देशांत कित्येक सुतारांनी, कारकुनांनी व विद्यार्थ्यांनी आपापल्या अंगणात ही विमाने बांधावयास घेतली. मग अपघातांची मालिका सुरू झाली. विमाने सुळकी मारून जमिनीत घुसू लागली आणि माणसे मेली. अखेर फ्रान्समधील शाले-म्यूदों आणि इंग्लंडमधील फार्नबरो येथील मोठ्या वातबोगद्यांत सबंध विमाने ठेवून परीक्षा झाली, तेव्हा असे निष्पन्न झाले की, नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की दोन पंखांच्या परस्परांवरील परिणामामुळे वैमानिकाने दांडा कितीही मागे ओढला तरी नाक वर येत नसे. स्टॉल टाळण्यासाठी जी रचना केली होती, तिच्यातच दुसरा आणि अधिक भयंकर दोष दडलेला होता. आणि तो हुडकून काढणारी चाचणी जी आधी व्हावयास हवी होती, ती प्रेते उचलल्यानंतर झाली. इंग्रज सरकारने उड्डाणाचे परवाने देणे थांबविले, आणि हौशी विमानबांधणीच्या चळवळीला जो धक्का बसला त्यातून सावरण्यास तिला बरीच वर्षे लागली.

याचा अर्थ स्टॉलला आवर घालणारी रचना अशक्य आहे असा नव्हे. अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी आखलेल्या आणि १९३७ साली प्रथम उडालेल्या एरकूप विमानात नाक वर उचलण्याच्या हालचालीलाच मर्यादा घातलेली होती, त्यामुळे ते गिरकीत सापडत नसे. बर्ट रुटान यांनी १९७५ साली लोकांपुढे आणलेल्या व्हेरीइझी या विमानात, आणि त्यानंतरच्या लाँग-इझीमध्ये, लहान पंख पुढे ठेवून तो मुख्य पंखाच्या आधी थबकावा अशी योजना केली. पुढचा पंख थबकला की नाक आपसुक थोडे खाली येते, कोन घटतो आणि मुख्य पंख मर्यादेपर्यंत पोचत नाही. रचना अत्यंत बुद्धिमान होती, आणि हजारो लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. परंतु पावसाचे थेंब पुढच्या पंखावर जमले की काही विमानांच्या त्या पंखाची उचल लक्षणीय घटते आणि नाक खाली जाऊ लागते, असे अनुभवास आल्यावर पंखांचे आकार आखणाऱ्या जॉन रॉन्झ यांनी त्या पंखाला नवा आकार दिला. शिवाय गुरुत्वमध्य नेमून दिलेल्या सीमेच्या मागे गेला तर अशा विमानाचे संरक्षणच उलटू शकते, कारण मग मुख्य पंख आधी थबकण्याचा संभव निर्माण होतो आणि त्यातून बाहेर येण्याचे साधन वैमानिकाच्या हाती उरत नाही. स्टॉलचे स्थान रचनेने बदलता येते, त्याचा स्वभाव सौम्य करता येतो. परंतु तो नेमका कोठे आहे हे शोधण्याच्या कर्तव्यातून कोणतीही रचना कोणाला मुक्त करीत नाही.

कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या बाबतीत हे कर्तव्य दुसऱ्या कोणीतरी आधीच पार पाडलेले असते. कसलेले चाचणी-वैमानिक ते विमान पुढच्या व मागच्या टोकाच्या गुरुत्वमध्यांवर, हलक्या व जड वजनांत, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) मिटून व उघडून, एंजिन मंद व जोरात ठेवून पुन्हा पुन्हा स्टॉल करतात. स्टॉलच्या आधी काही नॉट वैमानिकाला सूचना मिळालीच पाहिजे अशी शर्त असते. एका एंजिनाच्या लहान विमानांचा स्टॉलचा वेग ६१ नॉटांवर जाऊ नये असाही दंडक अमेरिकेत दीर्घकाळ होता. स्वहस्ते बांधलेल्या विमानाला अशा शर्ती लागू होत नाहीत. अमेरिकेत अशा विमानात बसणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी पाटी लावावी लागते, आणि हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम त्याला लागू नाहीत, असे तीवर स्पष्ट लिहिलेले असते. ही सवलत म्हणजे कायद्याने हौशी माणसावर टाकलेला मोठा विश्वास आहे. आणि विश्वास टाकला जातो तेथे जबाबदारीही त्याच मापाने येते.

एकाच नकाशावरून बांधलेली दोन विमाने सारखीच उडतील, अशी भाबडी कल्पना अनेकांच्या मनात असते. वास्तविक पंख बसविताना उजव्या व डाव्या बाजूच्या कोनांत अर्ध्या अंशाचा फरक राहिला, पुढच्या कडेची गोलाई एका बाजूस किंचित अधिक टोकदार झाली, पुटी व रंग यांचा थर कोठे जाड बसला, तरी एक पंख दुसऱ्याच्या आधी थबकतो आणि विमान त्या अंगाला कलंडते. पंखाचे टोक मुळाच्या मानाने दोन-तीन अंश खाली पिळलेले असावे, म्हणजे मुळाकडचा भाग आधी थबकून टोकाकडच्या एलेरॉनांचा ताबा शेवटपर्यंत टिकतो, अशी योजना कित्येक नकाशांत असते. हा पीळ बांधताना जरासा चुकला तर नेमके उलटे घडते. नकाशात सांगितल्याहून जड एंजिन कोणी बसवितो, कोणी पाठीमागे सामानाची पेटी वाढवितो, आणि मग गुरुत्वमध्य सरकतो. तो फार मागे गेला की विमान हाताला हलके व आज्ञाधारक वाटते, त्याची स्थिरता मात्र घटलेली असते, आणि स्टॉलनंतर नाक खाली आणण्याचे बळ अपुरे पडते. वेगदर्शकही अशा वेळी साक्षीदार म्हणून फारसा भरवशाचा नसतो. कारण नाक बरेच वर असताना त्याच्या नळीत हवा तिरकी शिरते आणि काटा खऱ्या वेगाहून निराळा आकडा दाखवितो. म्हणून शेजाऱ्याच्या त्याच जातीच्या विमानाचा आकडा आपल्या वहीत उतरवून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रकृतीचा दाखला आपल्या नावावर लावण्यासारखे आहे.

आता हे अज्ञान कोठे जिवावर बेतते ते पाहू. विमान धावपट्टीकडे वळत आहे, उंची पाचशे फुटांच्या आत आहे, वारा पाठीमागून ढकलीत असल्यामुळे वळण पट्टीच्या रेषेपलीकडे जाऊ लागले आहे. एवढ्या खाली विमान अधिक कलविण्याचे वैमानिकाला भय वाटते, म्हणून तो पायाने सुकाणू दाबून नाक आत ओढतो. त्यामुळे बाहेरचा पंख वेगाने फिरून वर येतो आणि कल आपोआप वाढतो. तो रोखण्यासाठी वैमानिक दांडा उलट्या बाजूस नेतो. नाक खाली जाते म्हणून दांडा मागेही ओढतो. आणि आतल्या बाजूचा पंख एका क्षणात थबकून विमान त्याच अंगावर उलटते. येथे एलेरॉनने खालचा पंख वर उचलण्याचा प्रयत्न हा घातकच ठरतो, कारण एलेरॉन खाली गेले की त्या पंखाचा कोन आणखी वाढतो. कोन कमी करण्यासाठी दांडा पुढे करणे आणि दिशा सुकाणूने सांभाळणे, हाच उपाय असतो. परंतु जमीन समोरून वर येत असताना दांडा पुढे करणे हे मनाच्या सर्व प्रवृत्तींच्या विरुद्ध आहे, आणि ज्याच्या हातांना आधी सवय नाही त्याचे हात ते ऐन वेळी करणार नाहीत. दुसरा प्रसंग उड्डाणानंतर लगेच एंजिन बंद पडण्याचा. वजनाने हलके आणि रोधाने जड असे लहान विमान अशा वेळी वेग इतक्या झपाट्याने गमावते की, मोठ्या विमानावर शिकलेल्या वैमानिकाचा अंदाज चुकतो. नाक तत्काळ खाली घेतले नाही तर विचार करावयास अवधीच राहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली हौशी विमानांविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हवेत विमानाचा ताबा सुटणे आणि एंजिनाचा बिघाड ही दोन कारणे अग्रभागी होती, आणि विमानाच्या पहिल्या काही उड्डाणांत तसेच नव्या मालकाच्या हाती आल्यानंतरच्या आरंभीच्या काळात अपघात अधिक होतात असेही आढळून आले.

म्हणून विमानाचा स्टॉल शोधणे हे एक शास्त्रीय कार्य समजून केले पाहिजे. प्रथम विमान तीन काट्यांवर ठेवून त्याचे वजन आणि गुरुत्वमध्य मोजून घ्यावे. आरंभ पुढच्या बाजूच्या गुरुत्वमध्यावर करावा, जमिनीपासून निदान चार-पाच हजार फूट उंची घ्यावी, पाठीस पॅराशूट बांधावे, आणि खाली कोणी नाही याची वळणे घेऊन खात्री करावी. मग एंजिन मंद करून दर सेकंदाला साधारण एक नॉट या गतीने वेग उतरू द्यावा आणि प्रत्येक लक्षण टिपावे: दांडा कधी सैल वाटू लागला, शेपटीला थरथर कोणत्या वेगाला जाणवली, की ती जाणवलीच नाही, कोणता पंख आधी गेला, सावरताना किती फूट उंची गेली. हाच क्रम फ्लॅप उघडून, एंजिनाला जोर देऊन आणि हलक्या वळणांत पुन्हा करावा. एंजिन जोरात असताना नाक कितीतरी अधिक वर जाते आणि कलंडणे अधिक तीव्र असते, हे विसरू नये. त्यानंतरच वाळूच्या पिशव्या वा शिशाचे वजन ठेवून गुरुत्वमध्य थोडाथोडा मागे न्यावा, आणि लक्षणे बिघडू लागली की तेथेच थांबावे. मुद्दाम गिरकी घेऊन पाहण्याच्या भरीस मात्र आखणाऱ्याच्या संमतीवाचून कोणी पडू नये. पंखाच्या पाठीवर लोकरीचे लहान लहान धागे चिकटवून त्यांची छायाचित्रे घेतली, तर हवा कोठून सुटू लागते ते डोळ्यांनी दिसते. आणि एक पंख हट्टाने आधी थबकत असेल तर दुसऱ्याच्या पुढच्या कडेवर काही इंच लांबीची त्रिकोणी पट्टी लावून दोन्हींची चाल सारखी करता येते. अमेरिकेत हौशी विमानाला प्रथम २५ किंवा ४० तास, किंवा ठरवून दिलेल्या चाचण्या पुऱ्या होईपर्यंत, नेमलेल्या प्रदेशातच उडावे लागते ते याचसाठी. परंतु कित्येकजण हे तास आकाशात नुसत्या घिरट्या घालून भरून काढतात, आणि मुदत संपली की शेजाऱ्याला घेऊन फिरावयास निघतात. तास मोजणे हे चाचणीचे साधन आहे. त्या तासांत काय पाहिले याचीच नोंद महत्त्वाची.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, संकट टाळावयाचे तर त्याला मुद्दाम आमंत्रण कशाला द्यावे? त्याचे उत्तर एवढेच की, चार हजार फुटांवर दिलेले आमंत्रण आपल्या सोयीचे असते आणि चारशे फुटांवर आलेला तोच पाहुणा त्याच्या सोयीचा. ज्याला अद्याप भीती वाटते त्याने अनुभवी शिक्षकाबरोबर, प्रमाणित विमानात, स्टॉल व गिरकी यांचा अभ्यास आधी करावा. भीतीचा उपाय परिचयात आहे. दुसरा आक्षेप यंत्रांवर विसंबणाऱ्यांचा आहे. आज पंखाचा कोन थेट दाखविणारी उपकरणे हौशी माणसाला परवडतील अशा किमतीत मिळतात, आणि सबंध विमानच खाली उतरविणारी पॅराशूटेही मिळतात. दोन्ही साधने उत्तम आहेत आणि ज्याला शक्य असेल त्याने ती जरूर बसवावीत. परंतु कोन दाखविणाऱ्या उपकरणाला त्या विशिष्ट विमानाची मर्यादा शिकवावी लागते, आणि ती शिकविण्यासाठी बहुधा विमान स्टॉलपर्यंत नेण्यावाचून गत्यंतर नसते. तर पॅराशूट उघडण्यास जेवढी उंची लागते, तेवढी शेवटच्या वळणात बहुधा नसते. आणि यंत्रांच्या भाऊगर्दीतही माणसाला स्टॉल ओळखता आला नाही तर काय होते, हे १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरावर एअर फ्रान्सच्या विमानाने सर्व जगाला दाखविले: सूचना देणारा आवाज वारंवार होत असतानाही नाक वरच धरले गेले आणि २२८ माणसे प्राणास मुकली.

तिसरा आक्षेप सरकारी वृत्तीचा आहे, आणि तो आपल्या देशात विशेष बलवान आहे: धोका आहे ना, मग मनाई करा. अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, २०१६ च्या फेब्रुवारीत ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांपुढे ठेवले, आणि त्याची नोंदणी होण्यास २०१७ साल उजाडले. त्यासाठी त्यांना किती वर्षे खटपट करावी लागली हे महाराष्ट्रातील वृत्तपत्र-वाचकांना ठाऊक आहे. दप्तरी दिरंगाईने कोणतेही विमान सुरक्षित होत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हौशी विमानबांधणीसाठी असा मार्ग आखावा की, ज्यात कागदपत्रांचा भार हलका असेल पण चाचणीचा दंडक कडक असेल; वस्तीपासून दूर अशा धावपट्ट्या त्यासाठी नेमून द्याव्यात; आणि स्टॉलच्या चाचण्यांची तपशीलवार नोंदवही सादर केल्याखेरीज दुसऱ्या माणसाला त्या विमानात बसविण्याची परवानगी देऊ नये. पुण्याजवळ हडपसर येथे ग्लायडिंगचे शिक्षण घेतलेल्या अनेक पिढ्यांना हे ठाऊक आहे की, एंजिन नसलेल्या यंत्रात बसणाऱ्या विद्यार्थ्याला स्टॉल अगदी आरंभीच शिकविला जातो. ज्यांना विमान बांधावयाचे आहे अशा तरुणांनी आपला पहिला रिव्हेट ठोकण्यापूर्वी अशा शिक्षणातून जावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

एक मागणी मात्र सरकारकडे नसून बांधणाऱ्यांकडेच आहे. विमान बांधणारा आज ना उद्या ते विकतो, आणि नवा मालक येतो तो हे यंत्र प्रथमच पाहत असतो. त्याला चावी व नोंदणीचे कागद द्यावेत, त्याबरोबर विमानाच्या स्वभावाची लेखी नोंदही द्यावी: कोणत्या वजनाला व कोणत्या गुरुत्वमध्याला ते कोठे थबकते, कोणता पंख आधी सोडते, पूर्वसूचना देते की नाही, सावरावयास किती उंची घेते. नवा मालकही ती वाचून थांबणार नाही, तर पुन्हा उंचीवर जाऊन त्या नोंदी स्वतः ताडून पाहील, अशी रीत पडली पाहिजे. हौशी विमानकारांच्या संघटनांनी या नोंदी आपल्या दप्तरी जमा करून सभासदांना खुल्या केल्या, तर एकाच जातीच्या विमानांतील दोष अपघाताची वाट न पाहता उघडकीस येतील, आणि मिन्ये यांच्या काळी जे वातबोगद्याने फार उशिरा सांगितले ते वेळेवर कळेल. स्वतः बांधलेल्या विमानातून उडण्याचे स्वातंत्र्य फार थोड्या देशांनी आपल्या नागरिकांना मनमोकळेपणाने दिलेले आहे. ते टिकवावयाचे असेल, आणि आपल्याकडेही ते यावे असे वाटत असेल, तर आपल्या यंत्राची मर्यादा आपणच शोधून ती लेखी मांडण्याची शिस्त या क्षेत्रातील माणसांनी कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता स्वतःला लावून घेतली पाहिजे.